जिथवर हातगाडी जाते तिथवर

गोवंडी स्टेशनातून शिवाजीनगर-बैंगनवाडीकडे निघालं की घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यालगत आणि आतल्या रस्त्यांवर बांधकामाच्या मालाची दुकानं लागतात. दारात सळयांचे भारे, आत सिमेंटच्या थप्प्या, वर टांगलेले एल्बो आणि पाइप, बाजूला ताडपत्रीखाली रेती आणि पुढ्यात एक हातगाडी. हे आवाहन त्या दुकानांच्या मालकांना आहे. रोज रात्री जेवताना "पप्पा, आपल्या दुकानाचं इन्स्टाग्राम काढू या" म्हणणाऱ्या त्यांच्या मुलामुलींनाही आहे. मुलांचं ऐका. पण काढण्याआधी ते कोणाला दाखवायचं आहे, हे घरात बसून एकदा ठरवा.

मी अशाच एका दुकानाच्या गल्ल्यामागे वाढलो. आता ओळखीच्या दुकानदारांना फोनवरची ही कामं लावून द्यायला मदत करतो. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आपला माल जिथवर छोटा हत्ती टेम्पो आणि त्याच्यापुढे हातगाडी जाते तिथवरच विकला जातो. जाहिरातही तिथवरच पोचली पाहिजे. त्याच्या पलीकडे गेलेला रुपया आणि वेळ वाया गेला म्हणून समजा.

मोबाइलची कव्हरं विकणारा गोवंडीत बसून नागपूरला पार्सल पाठवू शकतो. आपल्याला ते शक्य नाही. सिमेंटची एक गोणी ५० किलोची. रेती ब्रासने जाते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, चार टनांहून जास्त वजन. माल जड, नफा गोणीमागे मोजका. चार किलोमीटर जास्त गेलं की भाड्यातच सगळं संपतं. त्यात आपल्याकडे टेम्पोसुद्धा अर्ध्या वाटेवर थांबतो. शिवाजीनगरचे प्लॉट १९७०च्या दशकात पुनर्वसनासाठी पाडले गेले, १० बाय १५ फुटांचे. मधल्या गल्ल्यांत समोरून सायकल आली तरी अंग चोरून उभं राहावं लागतं. मोठ्या रस्त्यावर माल उतरतो, तिथून हातगाडी, आणि हातगाडी अडली की गोणी डोक्यावर. ज्याचं गिऱ्हाईक इतकं जवळ राहतं, त्याने इंदूर-पाटण्याच्या लोकांनी आपला व्हिडिओ पाहिला म्हणून खूश होण्यात काय अर्थ आहे?

माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने तसं करून पाहिलं. कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं, "शेठ, तुमचं पेज चालवून देतो, महिन्याला इतके पैसे." चार महिने पैसे गेले. पेजवर रोज एक रंगीत चित्र पडायचं. आज सुप्रभात, उद्या सणाच्या शुभेच्छा, परवा कुठल्यातरी परदेशी बंगल्याचा फोटो आणि खाली दुकानाचं नाव. पेज आवडलेल्यांचा आकडा हजारांत गेला. त्यातले मानखुर्द-गोवंडीचे किती, हे पाहायला आम्ही दोघं बसलो तेव्हा पहिल्या पाच गावांत मुंबईच नव्हती. त्या चार महिन्यांत पेजवरून एकही गोणी विकली गेली नाही. दुकानदार प्रामाणिक माणूस, माल चोख. पण त्या पेजवर त्याच्या दुकानाचा खरा फोटो एकही नव्हता.

पैसे देऊन जाहिरात पुढे ढकलायची असेल, तर आधी नकाशाकडे नीट बघा. फेसबुकवर गोवंडी निवडून पाच-सहा किलोमीटरचा गोल काढला की पूर्वेचा मोठा भाग ठाण्याच्या खाडीत पडतो आणि गोल पार वाशीच्या काठाला टेकतो. उरलेल्यात देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे, १९२७पासूनचं. दक्षिणेला ट्रॉम्बेच्या बाजूला अणुसंशोधन केंद्राची जमीन. खाडीपलीकडच्या लोकांना तुमची जाहिरात दिसते आणि पैसे तुमचे कापले जातात. त्याऐवजी छोट्या छोट्या खुणा रोवा: बैंगनवाडी, लोटस कॉलनी, टाटानगर, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, चीता कॅम्प. तुमचा टेम्पो जिथे रोज जातो तेवढीच नावं. जिथे जायचं नाही तो भाग वगळण्याचीही सोय तिथे असते. सुरुवातीला दोनतीनशे रुपयांच्या वर जाऊ नका. फोन किती आले ते वहीत लिहा. फोन आले नाहीत तर थांबा.

आता खरं गिऱ्हाईक कोण, ते बघू. घरमालक पैसे देतो, पण "कुठून आणू?" हे तो मिस्त्रीला विचारतो. गोवंडीत घर बांधणारा माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा बांधतो. मिस्त्री वर्षाला दहा-पंधरा घरांना हात लावतो. ही गोष्ट आपल्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांनी फार आधी ओळखली. अंधेरीतली पिडिलाइट कंपनी १९५९ची. बळवंतराय पारेखांनी फेव्हिकॉल आणलं तेव्हा ते थेट सुतारांपर्यंत नेलं, कारण लाकडाला काय लावायचं हे सुतार ठरवतो, हे त्यांनी जाणलं होतं. सिमेंटवाल्यांचे मिस्त्री-मेळावे आणि पुट्टीच्या पिशवीतली कुपनं याच वाटेने आली. तुमच्या फोनमध्ये बैंगनवाडीतल्या चाळीस मिस्त्रींचे नंबर असतील आणि त्या चाळिसांच्या फोनमध्ये तुमचा नंबर दुकानाच्या नावाने असेल, तर त्याहून मोठी जाहिरात नाही.

ते 'त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर' फार महत्त्वाचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी करून एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवता येतो, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून गल्ल्यावर आलेल्या प्रत्येक मिस्त्रीला तिथल्या तिथे नंबर जतन करायला सांगा. "मिस्त्री, नंबर सेव्ह करा, सकाळी भाव पाठवतो" एवढं पुरतं. भाव पाठवणार असाल तर तो नंबर ठेवेल.

साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस यांत फरक आहे. बिझनेसवालं २०१८पासून भारतात आहे आणि फुकट आहे. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, मालाचा कॅटलॉग ठेवता येतो. रात्री निरोप आला तर 'दुकान सकाळी ८ला उघडेल, तेव्हा फोन करतो' असं उत्तर आपोआप जातं. मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे लेबलं. मिस्त्री, ठेकेदार, घरमालक, प्लंबर, टेम्पोवाला असे गट पाडा. प्लंबरला रेतीचा भाव आणि गवंड्याला बेसिनचा फोटो पाठवलात की दोघंही तुमचे निरोप उघडणं बंद करतात. आजचा भाव सोडला तर आठवड्याला एक, फार तर दोन निरोप. रोजचं सुप्रभात पाठवू नका. सकाळी सहाला नाक्यावर कामाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला दुकानदाराकडून गुलाबाचं चित्र नको असतं. त्याला आजचा भाव हवा असतो.

आणि बोला. लिहिण्यापेक्षा बोला. आपल्या वस्तीत मराठी, हिंदी, उर्दू, भोजपुरी असं सगळं चालतं. कितीतरी चांगले कारागीर वाचायला कचरतात. वीस सेकंदांचा आवाजाचा निरोप सगळ्यांना कळतो: "सलाम मिस्त्री, ५३ ग्रेडचा ताजा माल आलाय, या आठवड्याच्या पॅकिंगचा. चार वाजेपर्यंत ऑर्डर दिली तर संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पोच." मालकाचा स्वतःचा आवाज लोक ओळखतात. भाड्याने आणलेल्या माणसाच्या गोड आवाजाला ती किंमत नाही.

गुगलचा नकाशा वेगळ्या कामाचा आहे. मिस्त्री तुम्हाला ओळखतो. पण चेंबूरच्या सोसायटीत राहणारी ताई, जिला बाथरूमची गळती थांबवायची आहे, ती कुणाला ओळखत नाही. ती फोनवर 'जवळचं हार्डवेअर' शोधते. त्या यादीत तुम्ही नसाल तर तिच्यासाठी तुमचं दुकान नाहीच. नोंदणी फुकट आहे, हे लक्षात ठेवा. "गुगलमधून बोलतोय, तुमचं दुकान वर आणायला पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. नोंदणीत बहुधा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, दुकानाची पाटी आणि तुम्ही स्वतः किल्लीने शटर उघडताना दिसलं पाहिजे. पत्ता लिहिताना पिनकोड तपासा. गोवंडीच्या पत्त्यांवर ४०००४३ आणि ४०००८८ दोन्ही चालतात. चुकीचा घातला तर नकाशावरची खूण रुळांच्या पलीकडे जाते आणि गिऱ्हाईक स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला तुम्हाला शोधत फिरतं. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे द्या. नावापुढे 'सर्वांत स्वस्त सिमेंट रेती विटा मुंबई' अशी शेपटी जोडली की नोंद बंद पडायची भीती असते.

परीक्षणं विकत घेऊ नका. भाच्या-पुतण्यांकडून एका रात्रीत वीस पंचतारांकित शेरे लिहून घेतले तर वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं. तुम्ही गोणीवरचा आयएस क्रमांक बघूनच माल घेता ना? भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठीही मानक काढलं आहे, आयएस १९०००, २०२२ साली. शेरा खरा असावा, खऱ्या गिऱ्हाइकाचा असावा, ही त्यातली मूळ अपेक्षा. माल पोचवल्यावर गिऱ्हाइकाला एवढंच म्हणा, "ताई, जसं वाटलं तसं लिहा." एखादीने 'विटा फुटक्या आल्या' असं लिहिलं तर भांडू नका. खाली उत्तर लिहा की किती बदलून दिल्या. तक्रारीला दिलेलं सरळ उत्तर वाचून लोक दुकानाबद्दल मत बनवतात.

आता व्हिडिओ. मुलांना सगळ्यात आवडतो तो हाच भाग आणि खरी ताकदही इथेच आहे. पण त्यात काय दाखवायचं? मागे एका शनिवारी दुपारी आम्ही बैंगनवाडीतल्या एका दुकानात व्हिडिओ काढला, तो सांगतो.

१० मिलिमीटरची एक अख्खी सळई, १२ मीटरची, दुमडून काट्यावर ठेवली. काटा इलेक्ट्रॉनिक. मालक कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हता, म्हणून त्याच्या मुलीने फक्त त्याचे हात आणि काटा टिपला. बाजूला एक मिस्त्री बायंडिंग वायर घ्यायला आला होता. त्यालाच म्हटलं, "वाचा." त्याने मोठ्याने वाचलं, "सात किलो, साडेतीनशे." मग मालकाने हिशोब सांगितला. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि १६२ने भागा. जो आकडा येईल ते एका मीटरचं वजन किलोत. १० गुणिले १० म्हणजे १००, भागिले १६२, ०.६१७ किलो. बारा मीटरचं ७ किलो ४०० ग्रॅम. थोडा कमी-जास्त फरक मानकातच धरलेला आहे, आपली सळई त्यात बसते. नंतर मुलीने फोन जवळ नेऊन सळईवर उठावात आलेलं कंपनीचं नाव आणि 'एफई ५००डी' ही खूण दाखवली. झालं. चाळीस सेकंद. ना गाणं, ना रंगीत अक्षरं.

तो व्हिडिओ लाखांनी पाहिला नाही. पण तो मिस्त्री स्वतः त्यात होता, म्हणून त्याने तो आपल्या साथीदारांना पाठवला. पुढच्या आठवड्यात एक घरमालक फोन हातात धरूनच दुकानात आला आणि म्हणाला, "मला यातली वजन करून द्या." नगावर लोखंड घेणाऱ्या माणसाला वजनावर घ्यायला शिकवलं, तर तो दुकानदाराला विसरत नाही. हलकी सळई विकणाऱ्या शेजाऱ्याला न बोलता उत्तरही मिळतं.

असे व्हिडिओ तुमच्या दुकानात पडलेले आहेत, उचलायचा अवकाश. सिमेंटच्या गोणीवर पॅकिंगचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते कुठे असतं आणि कसं वाचायचं ते दाखवा. तीन महिन्यांहून जुनी गोणी स्लॅबला का वापरू नये ते सांगा. गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून का रचतात ते दाखवा. दहा फुटी खोलीत बांधकाम चालू असताना गोण्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवणारी घरं मी कितीतरी पाहिली आहेत. काचेच्या बाटलीत थोडी रेती घ्या, पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, हलवा आणि काही तास ठेवून द्या. रेती खाली बसते आणि गाळाचा थर तिच्यावर दिसतो. थर जाड असेल तर ती रेती धुतलेली नाही. ओली रेती फुगते, म्हणून मापात जास्त दिसते, हेही सांगा. मातीत, पाण्यात, उन्हात काम करणाऱ्या माणसाला हे ऐकायला आवडतं, कारण ते त्याच्या कामाचं आहे.

एका गोष्टीची काळजी घ्या. रेतीचा उघडा ढीग, धूळ उडवत चाललेली गाडी व्हिडिओत दाखवू नका, आणि मुळात ठेवूही नका. पालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये धुळीबाबत नियम काढले, त्यात बांधकामाचा माल नेणाऱ्या गाड्या झाकायला सांगितलं आहे. आपली वस्ती डंपिंगच्या धुराने आधीच खोकते. झाकलेला माल दाखवणारा दुकानदार शेजाऱ्यांनाही बरा वाटतो.

भावाबद्दल सगळे विचारतात, "इंटरनेटवर टाकायचा का? समोरचा दुकानदार बघेल ना." बघू दे, तो तसाही मुलगा पाठवून विचारतोच. अडचण वेगळी आहे. टाकलेला भाव जुना होतो. २२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. करापूर्वी ३०० रुपये धरलेली गोणी ३८४ची ३५४ झाली, म्हणजे तीस रुपयांचा फरक. बातमी प्रत्येकाच्या फोनवर होती. ज्यांच्या कॅटलॉगमध्ये जुनाच भाव लिहिलेला राहिला, त्यांच्याकडे गिऱ्हाईक संशयाने बघू लागलं. म्हणून भाव कॅटलॉगमध्ये किंवा व्हिडिओत कोरून ठेवू नका. तो रोजच्या निरोपात द्या, तारीख घालून: 'आजचा भाव, संध्याकाळी ६ पर्यंत.' कर धरून की सोडून, हातगाडीचं भाडं आत की वेगळं, तेही तिथेच लिहा. माल दारात आल्यावर भाड्यावरून होणारी वादावादी गोवंडीत नेहमीचीच आहे. ती आधीच लिहिण्याने मिटते.

वेळही बघा. मुंबईत पावसाचा नेहमीचा दिवस ११ जूनचा. २०२५ला पाऊस २६ मेलाच आला, नोंदींमधला सर्वांत लवकर. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताडपत्री, पत्रे आणि वॉटरप्रूफिंगची जाहिरात टाकू म्हणून थांबलेल्यांचा हंगाम हातातून गेला. पत्र्याचा निरोप एप्रिलच्या शेवटी जायला हवा, जेव्हा माणसं गावाहून परतण्याआधी घराचं काय करायचं याचा विचार करत असतात. रमजान ईद, दिवाळीच्या आधी रंग आणि लाद्या. शाळा उघडण्याच्या तोंडावर घरमालकाच्या हातात पैसा नसतो, तेव्हा उगाच मोठ्या मालाचे निरोप पाठवून त्याला अवघडवू नका.

आता काही गोष्टी करूच नका, हे हात जोडून सांगतो.

गिऱ्हाइकाच्या घराचा फोटो त्याला न विचारता टाकू नका. झोपडपट्टीतल्या घरांच्या उंचीवर पालिकेची १४ फुटांची मर्यादा आहे आणि त्यावरून तक्रारी, नोटिसा, तोडकाम सगळं आपल्याकडे घडतं. तुम्ही कौतुकाने 'आमच्या मालाने बांधलेलं घर' म्हणून प्लॉट नंबरसकट व्हिडिओ टाकलात आणि दुसऱ्या दिवशी त्या घराच्या दारात कुणी उभं राहिलं, तर ते घर तुम्हाला माफ करणार नाही. गल्लीतली वैरं तुम्हाला माहीत नसतात. फोटो हवाच असेल तर आतल्या लादीचा घ्या, मालकिणीला दाखवा, ती हो म्हणाली तरच टाका. नाव-पत्ता कधीच नको.

उधारीवाल्याचं नाव किंवा फोटो स्टेटसवर टाकू नका. मला माहीत आहे, उधारी अडकली की जीव जळतो. आपला धंदा उधारीवर चालतो आणि उधारीनेच बुडतो. पण एकदा गावासमोर माणसाची इज्जत काढली की ते पैसे कायमचे गेले. त्याचे भाऊ, साडू, शेजारी, त्यांचीही गिऱ्हाइकी गेली. शिवाय अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो तो वेगळाच. उधारीची आठवण त्याला एकट्याला द्या. रक्कम, तारीख आणि चलानाचा फोटो जोडा आणि भाषा नम्र ठेवा.

आणि फसवणुकीपासून सांभाळा. दुकानाचा नंबर नकाशावर आला की गिऱ्हाइकांबरोबर भामटेही फोन करतात. फार चाललेला प्रकार असा. फोनवर माणूस म्हणतो, मी फौजेत आहे, अमुक कॅम्पला शंभर गोण्या हव्यात, गाडी पाठवतो, पैसे आत्ता ऑनलाइन देतो. ओळखपत्राचा फोटो पाठवतो, गणवेशातला. मग म्हणतो, आमच्याकडची पद्धत वेगळी आहे, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. पिन टाकला की पैसे जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला, मुलालाही, नोकरालाही, पाठ करून ठेवायला सांगा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बघून माल सोडू नका. बँकेचा मेसेज किंवा साउंडबॉक्सचा आवाज आल्याशिवाय टेम्पो हलता कामा नये. फसलातच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवले जाण्याची आशा असते.

मुलांनी खाती उघडली तर ती मालकाच्या नंबरवर उघडा. पुतण्याच्या नंबरवर काढलेलं पेज पुतण्याच्या लग्नानंतर त्याच्याबरोबर जातं, असं मी पाहिलं आहे. दुहेरी पडताळणी सुरू करा, पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. सगळं एकाच जागी ठेवू नका. २९ जून २०२०ला सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद केली. आपल्या वस्तीतल्या कितीतरी पोरांचे हजारो चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सहाएक तास जगभर ठप्प होती. त्या दिवशी ज्याच्याकडे मिस्त्रींचे नंबर कागदावर होते, त्याचं काम अडलं नाही. महिन्यातून एकदा नंबरांची यादी वहीत उतरवून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

या सगळ्याला रोज अर्धा तास पुरतो. सकाळी माल उतरायच्या आधी एक निरोप, दुपारच्या सुस्तीत एखादा व्हिडिओ, रात्री उरलेल्या निरोपांना उत्तरं. मुलीला हे जमत असेल तर तिला करू द्या, आणि तिला गल्ल्यावर बसवून मालही शिकवा. सळईचं वजन होत असताना त्या दुकानातल्या मुलीने ते स्वतः टिपलं होतं म्हणूनच तो व्हिडिओ खरा वाटला. मात्र जाहिरात सुरू केल्यावर फोन उचलायला माणूस हवा. चार वेळा वाजून बंद झालेला फोन पुढच्या दुकानाकडे वळतो आणि तुमच्या जाहिरातीचा फायदा त्याला होतो. रोज तेवढा वेळ देता येत नसेल तर एकच काम धरा, मिस्त्रींची यादी. बाकी सगळं पुढच्या वर्षी केलंत तरी चालेल.

आणि सुरुवात फोनपासून करू नका. आज संध्याकाळी शटर ओढण्याआधी रस्त्याच्या पलीकडे जा आणि आपल्या दुकानाच्या पाटीकडे बघा. मराठी नाव ठळक आहे का? ते तर आता कायद्यानेही लागतं. खाली फोन नंबर आहे का, आणि चालत्या रिक्षातून तो वाचता येतो का? धूळ बसून पुसट झाला असेल, किंवा जुनाच बंद पडलेला नंबर असेल, तर उद्या सकाळी पहिल्यांदा पेंटरला बोलवा.